अंग झाडेस्तोवर

घोडेगावच्या बाजारात अजिनाथ बैल पाडायला लागला की माणसं चहाचा ग्लास हातात घेऊन बघायला यायची. दोर पायांत कधी अडकवला आणि झटका कधी दिला हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. दहा मणांचं धूड धाडकन धुळीत आदळलेलं दिसायचं, आणि त्याच्या मानेवर गुडघा रोवून गोजरबाई बसलेली दिसायची. नवरा खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायचा, बायको मान दाबून धरायची. बावीस वर्षं दोघांनी हा धंदा असाच केला. बाईमाणसानं बैलाच्या मानेवर बसावं का, असं एकानं एकदा विचारलं होतं. अजिनाथ त्याला म्हणाला, "मग तू बस." तो बसला नाही.

मान धरणं हे नुसतं जोराचं काम नाही. बैल लाथ झाडणार हे त्याच्या पायाच्या आधी मानेला कळतं. कातडी थरथरते, शीर ताठ होते. गोजरबाई ओरडायची, "झाडतोय!" आणि अजिनाथ हातोडा घेऊन मागं सरायचा. तिच्या त्या ओरडण्यावर त्याचे दात आणि बरगड्या इतकी वर्षं शाबूत राहिल्या होत्या. जनावराचं अंग आपल्याला वाचता येतं याचा तिला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर त्या गर्वानंच पुढं घात केला.

अजिनाथच्या उजव्या कोपरावर तळहाताएवढा फिकट तांबूस चट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून दोन वर्षं कुणी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. गावची आशाताई रोहिणी घरोघर तपासणीला आली, तिनं बघितला. त्यावर पेनाचं टोक टेकवून म्हणाली, "काका, डोळे मिटा. कळतंय का?" काकांना काहीच कळत नव्हतं. नगरच्या दवाखान्यात नेलं तर कुष्ठरोग निघाला. बारा महिन्यांच्या गोळ्या, दर महिन्याला एक पाकीट, फुकट. पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. तरी बाजारात कळू द्यायचं नाही असं नवरा-बायकोनं ठरवलं. रगतपिती म्हटलं की लोक दहा हात लांब सरतात, आणि दहा हातांवरून बैलाला पत्री ठोकता येत नाही.

चौथं पाकीट अर्ध्यावर आलं आणि चट्टा पेटला. दोन दिवसांत लालभडक झाला, फुगून वर आला. कोपराच्या आतल्या बाजूची शीर दोरीसारखी जाड झाली, आणि तिथून करंगळीपर्यंत आग उतरायला लागली. अजिनाथचं डोकं मुळातच तापट, आता अंगही तापलं. पहिल्या दिवशी त्यानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा माठ लाथेनं फोडला. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना गोजरबाईचा पदर त्याच्या कोपराला चाटून गेला, तर त्यानं डाव्या हातानं तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की तव्यावरची भाकरी तिला दोन दिसायला लागली. शिव्या तिनं आयुष्यभर खाल्ल्या होत्या. मार पहिल्यांदाच खाल्ला. तिनं परात उचलली आणि पिठासकट त्याच्या अंगावर फेकली.

"ह्या गोळ्यांनी उठवलंय," तो पीठ पुसत ओरडला. "चार म्हैने खातोय. खायच्या आदी दुखत हुतं का काय? सांग की! बोल!"

दुखत नव्हतं हे खरंच होतं. त्यानं उरलेलं पाकीट चुलीत टाकलं. प्लास्टिक आक्रसत काळं झालं, आणि गोजरबाईनं ते काढायला चिमटा हातात घेतला नाही. हे तिनं मागाहून स्वतःला पुष्कळदा ऐकवलं.

त्याच दुपारी रोहिणी आली. दारातूनच तिला तो लाल सुजलेला हात दिसला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, ही रिॲक्शन आहे. गोळ्यांनी जंतू मरतात, पण मेलेले जंतू अंगातच पडून असतात. तुमचं स्वतःचं रक्तच आता त्यांच्यावर चिडून उठलंय. भांडण जंतूंशी आहे आणि मार शिरेला बसतोय. यावर वेगळ्या गोळ्या असतात, सूज उतरवायच्या. पण आधीच्या बंद करायच्या नाहीत."

"आजून गोळ्या?" अजिनाथ उठला.

"शीर मेली तर बोटं वाकडी होतील, काका. हातोडा धरता यायचा नाही. आजच चला, मी गाडीला फोन लावते."

हातोडा धरता यायचा नाही, हे शब्द तिनं काळजीनं उच्चारले होते. त्याला ते शापासारखे लागले. कोनाड्यात खूर तासायची पटाशी होती. त्यानं ती डाव्या हातानं उचलून फेकली. ती रोहिणीच्या कानाजवळून गेली आणि चौकटीत दोन बोटं घुसून थरथरत राहिली. गोजरबाईनं तिला ओढून अंगणात नेलं.

"मावशी," ती पोर म्हणाली, "मी पुन्हा नाही येणार घरात. पण नंबर आहे ना तुमच्याकडं? कधीही लावा." आणि मागं न बघता तिनं स्कूटी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला होता. ऊस ओढायला जाणारे गाडीबैल पाथर्डी-शेवगावकडून आले होते आणि सगळ्यांना पत्र्या मारायच्या होत्या. अजिनाथनं लांब बाहीचा सदरा घातला, हात झाकला आणि निघाला. घरी बसा म्हणायची गोजरबाईची छाती झाली नाही.

पहिला बैल पडला. दोन पत्र्या बसल्या. तिसऱ्या पत्रीच्या खिळ्यावर घाव घालायला त्यानं हातोडा उचलला आणि हातोडा त्याच्या मुठीतून निसटला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मिटलंच नव्हतं. लोखंड खुरावर न बसता बैलाच्या पायाच्या नळीवर बसलं. या वेळी मानेत काही उमटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. बैल दोरासकट उधळला. गोजरबाई चार हातांवर एका गाडीच्या चाकावर जाऊन आदळली, आणि बैलाचा मागचा पाय अजिनाथच्या मांडीवर पडला. तो उठतोय न उठतोय तोच बैलाच्या मालकानं आसूड काढला.

"दारू पिऊन पत्र्या ठोकतो व्हय रं? माजं जनावर लंगडं केलंस!"

सट् सट् सट्. तीन फटके पाठीवर आणि चौथा उजव्या हातावर. चौथ्याला अजिनाथ असा किंचाळला की मालक स्वतःच घाबरला. सदऱ्याची बाही फाटून वर गेली होती. आतला लाल फुगलेला चट्टा भर बाजारात उघडा पडला. जमलेली माणसं मागं सरली.

एकटा रंगनाथ तेवढा थांबला, तोही जरा अंतर राखूनच. रंगनाथ बैलांची ने-आण करणारा टेम्पोवाला. लंगड्या जनावरांना डाग द्यायलाही तोच जायचा. गवत कापायचा इळा विस्तवात लालबुंद करायचा आणि धरलेल्या शिरेवर टेकवायचा. पंचक्रोशीतले कितीतरी बैल त्याच्या इळ्यानं चालते झाले होते, निदान तो तसं सांगायचा.

"शीर धरलीया," लांबूनच कोपराकडं बघत तो म्हणाला. "बैलाचा खांदा धरतो, तशीच. डाग दिला की सुटंल."

अजिनाथच्या डोळ्यांत इतक्या दिवसांत पहिल्यांदा आशा दिसली. गोळी म्हटलं की त्याचं पित्त खवळायचं, पण डाग त्याला कळत होता. डागानं चालते झालेले बैल त्यानं स्वतः पत्र्या मारून वाटेला लावले होते. गोजरबाईलाही तो कळत होता. रोहिणीचं ते रक्ताचं नि मेलेल्या जंतूंचं तिनं ऐकून घेतलं होतं. हे तिच्या हातातलं होतं.

"पर मी हात लावायचा न्हाई," रंगनाथनं आधीच सांगून टाकलं. "इळा तापवून दीन. दाबायचं वैनीनं."

घरी आल्यावर अंगणात गोवऱ्या पेटवल्या. अजिनाथ गोणपाटावर आडवा झाला, हात लाकडाच्या ओंडक्यावर ठेवला आणि दातांत टॉवेल धरला. गोजरबाईनं त्याच्या खांद्यावर गुडघा रोवला, रोजच्या सवयीनं. रंगनाथनं चिंध्या गुंडाळलेली मूठ पुढं करून इळा तिच्या हातात दिला आणि गोठ्याच्या खांबामागं जाऊन उभा राहिला.

"वैनी, रीत ठावं हाय ना? अंग झाडस्तवर काढायचा न्हाई. झाडलं की डाग लागला."

"मला नको शिकवू," ती म्हणाली.

तिनं इळ्याची पाठ चट्ट्यावर टेकवली. चर्र झालं. हातावरचे केस करपल्याचा वास आला. तिनं सगळं ध्यान त्याच्या खांद्याकडं लावलं. थरथर यायला हवी होती. आली नाही. खांदा सैल होता, मान सैल होती. अजिनाथनं टॉवेल तोंडातून काढला.

"लाव की आता," तो म्हणाला.

"लावलाय."

त्यानं मान वळवून बघितलं. इळा खरोखरच त्याच्या हातावर होता आणि त्याच्या खालून धूर निघत होता. त्यालाही नवल वाटलेलं दिसलं.

"मंग दाब," खांबामागून रंगनाथ ओरडला. "शीर खोल हाय त्येची. झाडलं न्हाई आजून!"

तिनं दाबला. त्या कातडीला काही कळत नाही हे तिला माहीत होतं. पेनाचं टोक टेकवलं तेव्हा ती शेजारीच उभी होती. पण त्या घटकेला ते तिला आठवलं नाही. बावीस वर्षं ती अंगाच्या थरथरीवर विसंबली होती, आणि आता ती थरथरीची वाट बघत होती. वास बदलला. आधी केसांचा होता, मग कातड्याचा, मग बाजाराच्या टोकाला मटणाच्या भट्टीवर येतो तसा. तरी अंग झाडेना. तिनं आणखी दाबला.

आणि मग आच आत त्या सुजल्या शिरेला पोचली.

अजिनाथच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्यानं दोन्ही पाय उचलून झाडले. एक लाथ गोजरबाईच्या बरगडीत बसली आणि आतलं काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं. इळा उडून मातीत पडला.

"लागला!" रंगनाथ आनंदानं ओरडला. "लागला डाग!"

गोजरबाईनं त्या हाताकडं बघितलं. इळ्याच्या आकाराची खाच पडली होती, कडेला काळी, मधे पांढरी. त्या पांढऱ्याकडं बघताना तिला पेनाचं टोक आठवलं, रोहिणीचं "कळतंय का" आठवलं, आणि आपण काय केलं ते तिला एकदम कळलं. तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. दोनदा.

अजिनाथ उठला होता. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. तो भिंतीला धडकला, गोठ्याच्या गव्हाणीला धडकला, आणि तिथं त्याच्या हाताला कुऱ्हाड लागली. डाव्या हातात कुऱ्हाड घेऊन तो ओंडक्याजवळ परत आला. गुडघ्यावर बसला आणि उजवा हात ओंडक्यावर मांडला.

"तोडतो! ऱ्हाऊच द्यायचा न्हाई! लागतच न्हाई नीट, आन् सोडत बी न्हाई! तोडून टाकतो!"

पहिला घाव चुकला. डावा हात सवयीचा नव्हता. पातं ओंडक्याच्या कडेला बसून रुतलं. तो ते हिसकायला लागला. रंगनाथ खांबामागून हलायला तयार नव्हता.

बैल पाडायचा दोर दारातच पडला होता. गोजरबाईनं तो उचलला. बरगडीतून कळ येत होती, श्वास पुरा घेता येत नव्हता. तरी तिचे हात आपलं काम करत गेले. एक फेरा गळ्याखालून छातीला, दुसरा कमरेला, टोक मागं. कुऱ्हाड सुटली, त्यानं ती वर उचलली, आणि तिनं टाच रोवून झटका दिला. अजिनाथ पाठीवर धाडकन आदळला. कुऱ्हाड लांब जाऊन पडली. तो उठायच्या आत ती त्याच्या मानेवर होती. त्यानं तिचा दंड चावला. तिनं सोडलं नाही. त्यानं तिला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, थुंकला, डोकं आपटलं. तिनं पायाला पाय बांधले, डावा हात पाठीशी बांधला, आणि भाजलेल्या हाताला दोर लागू नये म्हणून तो लांब काढून मोकळा ठेवला. हे सगळं करताना ती मोठ्यानं रडत होती, आणि रडता रडता त्याच्या दुप्पट शिव्या देत होती.

"टेम्पो लाव मागं," ती रंगनाथला म्हणाली.

"वैनी, गाडी धुवावी लागंल मला, बाजारात कळलं तर माज्या टेम्पोत—"

"टेम्पो लाव. न्हाईतर तुला बी पाडते."

तिच्या हातात अजून दोराचं टोक होतं. रंगनाथनं टेम्पो लावला. बैल चढवायची फळी टाकली. तिनं नवऱ्याला काखेत धरून एकटीनं त्या फळीवरून ओढत वर घेतलं. एवढं करूनही रंगनाथनं हात लावला नाही, पण गाडी मात्र त्यानं नगरपर्यंत बेफाम हाणली. वाटेत तिनं रोहिणीला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "आनतीया त्येंना. बांदून आनतीया."

दवाखान्यात बैलासारखा बांधलेला माणूस बघून शिपाई पळत आला. डॉक्टरीणबाईंनी आधी दोर सोडवला, मग हात बघितला. अजिनाथची ओरड आता थांबली होती. तो नुसता कण्हत होता.

"कुणी भाजलं हे?"

"बैलाला डाग देताना माजा हात मधी आला," अजिनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्यानं बायकोकडं बघितलं नाही.

"खोटं बोलत्यात," गोजरबाई म्हणाली. "मी भाजलं. अंग झाडस्तवर दाबून धरला मी इळा."

"आणि बांधलं कुणी?"

"मीच."

बाईंनी तिच्या दंडावरचे दातांचे वण बघितले, तिचा तुटका श्वास बघितला आणि तिलाही खुर्चीत बसवलं. जखम धुतली. मग एक कागद घेतला आणि अजिनाथच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात धरायला दिला. कागद खाली पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. अंगठ्यात आणि पहिल्या बोटात दिला, तिथं तो थोडा वेळ टिकला.

त्यांनी काही लपवलं नाही. रिॲक्शन आल्या आल्या आला असतात तर बहुतेक सगळा हात वाचला असता, म्हणाल्या. सुजेवरच्या गोळ्या आजपासून सुरू करायच्या, हळूहळू कमी करत बरेच महिने चालवायच्या, मधेच आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. आधीच्या गोळ्याही पुन्हा सुरू. अंगठा आणि दोन बोटं वाचतील असं वाटतं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट, त्यांचा शब्द देता येत नाही. सुजेनं किती मारलं आणि इळ्यानं किती, ते आता वेगळं काढता येणार नाही.

हे शेवटचं वाक्य गोजरबाईच्या काळजात घुसलं आणि तिथंच राहिलं.

पहिल्या दिवशी अजिनाथनं गोळी घेताना तोंड घट्ट मिटलं. सिस्टरनं समजावलं, बाईंनी समजावलं. शेवटी त्यानं ती घेतली ती नुसत्या थकव्यापायी. तिसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरलेली दिसली. चट्ट्याचा लालपणा विटला होता. कोपरातली आग इतक्या दिवसांत पहिल्यांदा विझत आली होती, आणि अजिनाथ पडल्या पडल्या छताकडं बघत होता. मग त्यानं मान वळवली. गोजरबाई खाटेशेजारी बसली होती, छातीला पट्टा बांधलेली. बोलायला लागली की तिचा हात आपोआप बरगडीवर जायचा.

"लई दुकतं का गं?" त्यानं विचारलं.

बावीस वर्षांत त्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. बैलांनी तिला दोनदा तुडवलं होतं तेव्हाही नाही.

"दुकतं," ती म्हणाली. "बरगडी दुकती. तुमी कानाखाली मारलं त्ये बी दुकतं, मी न्हाई इसरायची त्ये. आन् मी तुमचा हात भाजला त्ये सगळ्यात जास्त दुकतं. अंग वळखती म्हनून मिरवत हुते मी."

तो उजव्या हाताच्या बोटांकडं बघत राहिला. अंगठा हलवला, पहिलं बोट हलवलं, मधलं हलवलं. बाकीच्या दोघांना पुष्कळ वेळ सांगून बघितलं. ती जागची हलली नाहीत.

"हातोडा तुला उचलंल," तो अखेर म्हणाला. "मान मी धरीन. मानेला डावा हात चालतो."

गोजरबाईनं खाटेवरचं पाकीट उघडलं, सकाळच्या गोळ्या काढल्या आणि पाण्याचा पेला भरला.

"आदी ह्या घ्या," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. गोळ्या त्याच्या जिभेवर ठेवायला वाकताना तिचा दुसरा हात बरगडीवर गेला, आणि तो जाताना त्यानं बघितला.